पहिला घोट : कल्याणच्या आनंदीबाईंपासून शीवच्या मातृदुग्धपेढीपर्यंत

१/
कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना, म्हणजेच पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या. मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या दहा दिवसांविषयी फारसे बोलले जात नाही. नवजात बालकाचे पहिले दिवस इतके जीवघेणे का असत? त्या दिवसांत त्याच्या पोटात काय घडते? आणि त्याला पहिला घोट कशाचा मिळावा, हे नेमके कोण ठरवत असे? या तीन प्रश्नांचा हा इतिहास.

२/
११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. योगायोग असा की, त्याच १८८६ मध्ये जर्मनीत एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय वरवर पाहता किळसवाणा : तान्ह्या बाळांच्या आतड्यातील जीवाणू. लेखक होते म्युनिकचे तरुण बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख. अर्भकांचे मृत्यू युरोपातही भरमसाट होते. त्यामुळे कल्याणच्या मुलीला आणि म्युनिकच्या डॉक्टरला भिडलेला प्रश्न मुळात एकच होता.

३/
एशेरिख यांनी केले ते काम साधे, पण चिकाटीचे होते. त्यांनी नवजात बाळांच्या शीचे नमुने घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जन्मानंतरची पहिली शी काळी व चिकट असते. तीत त्यांना जीवाणू आढळले नाहीत. मात्र काही तासांतच ते दिसू लागत, आणि बाळाला दूध मिळू लागले की त्यांचे स्वरूप बदलत जाई. या नमुन्यांत त्यांना सापडलेल्या एका जीवाणूला पुढे त्यांचेच नाव मिळाले : एशेरिखिया कोलाय, म्हणजे आजच्या प्रत्येक पाणी-तपासणी अहवालात डोकावणारा ई. कोलाय. जगप्रसिद्ध झालेल्या या जंतूचा शोध तान्ह्या बाळांच्या लंगोटातून लागला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

४/
त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांनी पुढचे पाऊल टाकले. केवळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांच्या शीत त्यांना इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाट्याचे जीवाणू मोठ्या संख्येने आढळले. त्यांना त्यांनी ‘बिफिडस’ म्हटले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘दुभागलेला’. वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांत मात्र हे चित्र बदललेले होते. तेथे नाना जातींच्या जीवाणूंची गर्दी होती. म्हणजे बाळ काय पिते यावर त्याच्या आतड्यात कोण राहणार हे ठरत होते. आजचे शास्त्र ज्या जीवाणूंना बिफिडोबॅक्टेरियम म्हणते, त्यांची ही पहिली ओळख.

५/
हे महत्त्वाचे का? नवजात बाळाचे आतडे म्हणजे नुकतीच मोकळी झालेली जमीन. जो आधी येऊन वस्ती करील, त्याचे पुढे बराच काळ चालते. प्रसूतीच्या वेळी आईच्या शरीरातून, मग तिच्या त्वचेवरून आणि दुधातून जीवाणू येतात. बिफिडसचे कुळ तेथे रुजले, तर ते आम्ल तयार करते. त्या आम्लात अनेक रोगकारक जंतूंना तग धरणे अवघड जाते. शिवाय याच काळात बाळाची प्रतिकारशक्ती घरचे कोण आणि परके कोण हे ओळखायला शिकत असते. ही वस्ती विस्कटली तर घातक जंतूंना वाव मिळतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर ते आतड्याच्या भिंतीतून रक्तापर्यंतही पोहोचू शकतात.

६/
आता महाराष्ट्राकडे वळू. येथील एक विसंगती विलक्षण आहे. गाय-म्हैस व्यायली की तिच्या पहिल्या दुधाचा, म्हणजे चिकाचा, खरवस होतो. तो शेजारीपाजारी वाटला जातो आणि मिटक्या मारत खाल्ला जातो. परंतु बाळंतिणीचा स्वतःचा पिवळसर चीक मात्र अनेक घरांत ‘जड’ म्हणून पिळून टाकला जाई. बाळाला दोन-तीन दिवस मधाचे बोट, गुळाचे पाणी किंवा दुसऱ्या कोणाचे दूध दिले जाई. या समजुतीची मुळे जुनी आहेत. प्रसूतीनंतर तीन-चार दिवसांनी दूध उतरते, असे मानून तोवर मध-तुपाचा विधी सुश्रुतसंहितेतही सांगितलेला आहे.

७/
चीक थोडाच असतो, चमचाभर. पण रोगप्रतिबंधक प्रथिनांनी तो भरलेला असतो. ही प्रथिने बाळाच्या आतड्याच्या आतील बाजूवर जणू लेप देतात. तो टाकून मध दिला की दोन नुकसाने होत. संरक्षण जाई ते एक, आणि बाहेरचे जंतू आत जाण्याची वाट मोकळी होई ते दुसरे. मधात क्वचित असे जीवाणूबीज असते की ज्यामुळे तान्ह्या बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होतो. म्हणूनच वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. मात्र त्या काळी जंतू ही कल्पनाच नव्हती. घरातील वडीलधाऱ्या बायका बाळाचे भले व्हावे म्हणूनच मधाचे बोट चाटवत.

८/
त्याच परंपरेची दुसरी बाजूही पाहायला हवी. सव्वा महिन्याची बाळंतीण, अंधाऱ्या खोलीतील शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शेपूची भाजी आणि कुशीतच झोपणारे बाळ. या व्यवस्थेत आई आणि मूल एकमेकांपासून दूर होत नसत. चीक गेला तरी पुढे वर्ष-दोन वर्षे अंगावरचे दूध मिळे. आतड्यातील जीवाणूंच्या दृष्टीने पाहिले तर या परंपरेने पहिल्या तीन दिवसांत जे गमावले, त्यातले बरेचसे पुढील महिन्यांत भरून काढले. पण यासाठी एक अट होती. आईला घरी थांबता आले पाहिजे. ही अट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोडली ती मुंबईच्या गिरणगावात.

९/
१९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. कोकण आणि देशावरून आलेली कुटुंबे चाळीतील एका खोलीत राहत. बाळंतपणानंतर जितके दिवस घरी, तितक्या दिवसांची मजुरी बुडाली, असा हिशेब होता. पहाटेचा भोंगा वाजला की तान्हे मूल शेजारीण, म्हातारी सासू किंवा सात-आठ वर्षांची थोरली बहीण यांच्या हवाली करून बाई साच्यावर जाई. दूध आईच्या अंगावर, मूल चाळीत आणि मध्ये दहा तासांची पाळी. बाळाच्या पोटाचा प्रश्न आता ज्ञानाचा उरला नव्हता. तो आईच्या वेळेचा झाला होता.

१०/
यावर त्या काळी सापडलेला उपाय म्हणजे बाळागोळी. गोळीत अफू असे. गोळी दिली की मूल दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे, दूधही मागत नसे. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईतील गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला : या स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात होती. अफूने आतड्याची हालचाल मंदावते आणि भूक मरते. म्हणजे मुलाची दुधाची गरज भागवली जात नव्हती, ती दाबली जात होती.

११/
१९२१ मध्ये मुंबई शहरात हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. आकडा अंगावर काटा आणणारा आहे, पण तो वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल मुंबईत परतून दगावले की मृत्यूची नोंद येथे होई. त्यामुळे दर प्रत्यक्षापेक्षा फुगलेला दिसतो. तरीही एक गोष्ट या दुरुस्तीने पुसली जात नाही. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील अर्भके मोठ्या घरांतील अर्भकांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मरत होती. जंतू सर्वत्र होते, पण त्यांच्याशी लढण्याची साधने सर्वत्र नव्हती.

१२/
आईचे दूध नाही, तर मग वरचे दूध कसे होते? मुंबई महापालिकेचे रसायन-विश्लेषक डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ मध्ये भारतीय शहरांतील, विशेषतः मुंबईतील, दूधप्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शहराच्या मध्यभागी असलेले तबेले, शेणाने माखलेले गोठे, उघडी भांडी, दुधात मिसळले जाणारे पाणी आणि त्या दुधात वाढणारे जंतू, हे सारे त्या काळच्या दूधप्रश्नाचे भाग होते. मुंबईच्या उन्हाळ्यात असे दूध काही तासांत जंतूंची शेती होई. तेच दूध पितळी झाऱ्यातून किंवा कापडाच्या बोळ्याने दिवसभर थोडे थोडे मुलाला पाजले जाई.

१३/
आजच्या भाषेत सांगायचे तर अशा बाळावर तिहेरी मार होता. बिफिडसला पोसणारे आईचे दूध तुटले. त्या जागी रोगकारक जंतूंनी भरलेले दूध आले. आणि अफूने मंदावलेल्या आतड्यात त्या जंतूंना मुक्कामाला भरपूर वेळ मिळाला. परिणाम एकच, हगवण. त्या काळच्या कित्येक अधिकाऱ्यांनी आणि शिशुकल्याण केंद्रे चालवणाऱ्या सुखवस्तू मंडळींनी याचा दोष ‘अडाणी मातां’वर ठेवला. त्यांना स्वच्छतेचे धडे दिले गेले. पण दहा तास गिरणीत उभ्या असलेल्या बाईने स्तनपान नेमके केव्हा करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या धड्यांत नव्हते.

१४/
तो प्रश्न कायदेमंडळात मांडला गेला. मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतिभत्ता देणारे विधेयक आले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा; आणि मालकाला तिच्या श्रमातून लाभ होतो, म्हणून त्याचीही जबाबदारी आहेच, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा या प्रकारचा भारतातील पहिला कायदा ठरला. त्यात जीवाणूंचा शब्दही नव्हता. तरी बाळाच्या आतड्याच्या आरोग्यासाठी त्या काळी उचललेल्या मोठ्या पावलांत त्याची गणना करायला हवी.

१५/
दरम्यान मध्यमवर्गाच्या घरात नवा पाहुणा आला होता, डब्यातील दूध-पावडर. गुटगुटीत, गोऱ्यापान बाळाचे चित्र असलेले डबे आणि तशाच जाहिराती. ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द तर गुबगुबीत मुलासाठी बोलीभाषेतच रुळला. सुदृढ बालक स्पर्धांत वजनालाच आरोग्य समजले जाऊ लागले. डब्याचे दूध आधुनिकतेची खूण बनले. ज्या आईला खरोखर दूध नव्हते, तिच्या बाळाला त्याचा आधार झालाही. परंतु पावडर पाण्यात कालवावी लागते, बाटली उकळावी लागते, डबा महाग असतो. गरीब घरात तोच डबा पुरवून पुरवून वापरला जाई. दूध पातळ होई आणि पाणी मात्र नळाचे नाहीतर विहिरीचे, जसे असेल तसे.

१६/
१९३९ मध्ये सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स यांनी या विषयावर घणाघाती भाषण केले. त्याचे शीर्षकच ‘दूध आणि खून’ असे होते. चुकीच्या प्रचारामुळे बाळांना अयोग्य दूध देऊन होणारे मृत्यू हा खूनच समजला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. ज्यांच्यापुढे त्या बोलत होत्या, त्या रोटरी क्लबचे अध्यक्ष स्वतः एका दुधाच्या कंपनीशी संबंधित होते, असे सांगितले जाते. पण लवकरच महायुद्ध पेटले. त्यानंतरची तीसेक वर्षे डब्यांची बाजारपेठ वाढतच गेली.

१७/
आता १९४७. महायुद्धासाठी कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. त्याच १९४७ मध्ये, त्याच रेल्वेमार्गावर मुंबईच्या बाजूला, शीव येथेही लष्कराच्या जुन्या बराकींत एक लहानसे महापालिका रुग्णालय सुरू झाले. पुढे ते लोकमान्य टिळक रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. लोक त्याला ‘सायन हॉस्पिटल’च म्हणतात.

१८/
हे रुग्णालय वाढत गेले. शेजारी धारावी, आणि मध्य रेल्वेने थेट जोडलेला ठाण्यापलीकडचा पट्टा. गिरण्या बंद पडू लागल्यावर गिरणगावातील अनेक मराठी कुटुंबे डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे सरकली. जीव धोक्यात असलेल्या रुग्णासाठी मुंबईतील मोठे सरकारी वा पालिका रुग्णालय गाठणे, ही या साऱ्या पट्ट्याची जुनी सवय. अपुऱ्या दिवसांचे, दीड किलोचे बाळ घेऊन निघालेल्या घरासाठी शीव हे त्यातले एक मोठे ठिकाण. अशा बाळांच्या कक्षाचे काम तेथे पाहत होत्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस.

१९/
अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे कच्चे असते. तेथे अगदी लहानशी चूकही जिवावर बेतते. १९७०-८०च्या दशकांत नवजात बालकांच्या कक्षांची सर्वसाधारण रीत अशी होती : बाळ काचेच्या पेटीत, आई दाराबाहेर आणि पोटात डब्याचे दूध. प्रतिजैविके होती, यंत्रे येत होती, तरी जंतुसंसर्गाने बाळे दगावत होती. फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागड्या उपायांपेक्षा साध्या गोष्टींवर भर दिला. हात धुणे, बाळाची ऊब राखणे, आईला कक्षात आणणे आणि आईचेच दूध देणे. यातून एक अडचण मात्र उरत होती. ज्या बाळाची आई अत्यवस्थ आहे किंवा हयातच नाही, त्याचे काय?

२०/
या अडचणीला जुना उत्तराधार होता. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी बाळराजांना आपले दूध पाजले आणि त्या स्वराज्याच्या दूधआई ठरल्या. धाराऊंचा मान मराठी मनात आजही मोठा आहे. पण इतिहास पाहता दूधआई मिळणे हे राजघराण्याला आणि सधन वाड्यांना शक्य असे. सामान्य घरात शेजारणीच्या मायेवर भिस्त असे, आणि दुधावाटे पसरणाऱ्या रोगांची तपासणी कोणालाच शक्य नव्हती. हवी होती ती प्रत्येक बाळाला परवडणारी आणि तपासलेली धाराऊ.

२१/
अशी व्यवस्था जगात पहिल्यांदा कोणी उभारली? १९०९ मध्ये व्हिएन्नात पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि तिच्यामागे होते तेच थिओडोर एशेरिख! बाळांच्या आतड्यातील जीवाणू मोजणारा माणूस वीस-बावीस वर्षांच्या अनुभवानंतर या निष्कर्षाला आला होता की, बाळाला वाचवायचे तर आईचेच दूध हवे. स्वतःच्या आईचे नसेल तर दुसऱ्या आईचे. प्रयोगशाळेत सुरू झालेली वाट शेवटी दुधाच्या पेल्यापाशी पोहोचली. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, ते वारले.

२२/
व्हिएन्नानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली. पद्धत अशी : ज्या मातांना स्वतःच्या बाळाला पाजून दूध उरते, त्या स्वेच्छेने ते देतात. मातेची एचआयव्ही, कावीळ-ब यांसारख्या रोगांसाठी तपासणी होते. जमा केलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून झटकन थंड करतात. जंतुतपासणी होते आणि मग ते उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. हे दान देणाऱ्या मातांत ज्यांचे स्वतःचे मूल शेजारच्याच कक्षात मृत्यूशी झुंजत असते, अशाही असतात.

२३/
येथे जिज्ञासू वाचकाला शंका येईल. दूध तापवले की त्यातील चांगले जीवाणूही मरतात, मग लाभ कसला? उत्तर पुन्हा फिलाडेल्फियात मिळते. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले पॉल ग्यॉर्गी यांनी १९५०च्या दशकात तेथे दाखवले की, आईच्या दुधात बिफिडस जीवाणूला वाढवणारा एक घटक असतो. तो म्हणजे ऑलिगोसॅकराइड नावाच्या जटिल शर्करा. दुधातील घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर त्यांचाच क्रम लागतो. गंमत अशी की, बाळाला त्या पचवता येतच नाहीत. त्या बाळासाठी नसून त्याच्या आतड्यातील जीवाणूंसाठी असतात. आई एकाच वेळी बाळाला आणि बाळाच्या पाहुण्यांना जेवू घालते. या शर्करा तापवल्यावरही टिकतात.

२४/
याचा परिणाम आकड्यांत दिसला. १९९० मध्ये इंग्लंडमधील लुकास आणि कोल यांनी अपुऱ्या दिवसांच्या नऊशेहून अधिक बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा बाळांत आतड्याचा भाग सडून जाण्याचा एक भयंकर आजार होतो. निव्वळ डब्याच्या दुधावरील बाळांत तो निव्वळ मातृदुधावरील बाळांपेक्षा सहा ते दहा पट अधिक आढळला. शीवची पेढी तेव्हा वर्षभराचीच होती. पुढे देशात अनेक रुग्णालयांनी अशा पेढ्या उभारल्या आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली.

२५/
पेढी ही रुग्णालयातील लढाई होती. बाजारातील लढाई वेगळी. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने बाळदुधाच्या विक्रीप्रचाराला लगाम घालणारी संहिता स्वीकारली. विरोधात मत पडले ते एकट्या अमेरिकेचे. भारतात मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद आणि ‘अकाश’ ही ग्राहकसंस्था या चळवळीत आघाडीवर होते. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी राष्ट्रीय पातळीवरचे जाळे स्थापन झाले. १९९२ चा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. डब्याच्या दुधाची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावरील गुटगुटीत बाळाचे चित्र, तिन्हींवर बंदी आली.

२६/
मग जीवाणूच थेट पाजले तर? २०१७ मध्ये ओडिशाच्या ग्रामीण भागातील ४,५५६ नवजात बाळांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आठवडाभर एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा दिली. रक्तदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. पण दोन बाबी विसरू नयेत. ही बाळे पुरेशा वजनाची आणि आईच्या दुधावरची होती. जीवाणू दुधाला पर्याय म्हणून नव्हे, जोडीला दिले होते. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशी औषधे देण्यातील धोक्याबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला. दुकानातून आणून घरी करण्याचा हा प्रयोग नव्हे.

२७/
आज कुठे आहोत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती. जन्मानंतर तासाभरात दूध मिळालेली मात्र ४१.८ टक्केच. म्हणजे पहिला घोट अजून उशिराच मिळतो. कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची प्रसूतिरजा आहे, पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. उल्हासनगरमध्ये घरात बसून जीन्सचे धागे काढणारी, अंबरनाथच्या लहान कारखान्यात रोजंदारीवर जाणारी किंवा बदलापुरात चार घरची धुणीभांडी करणारी आई या हिशेबात कोठेच बसत नाही. तिच्यापुढचा पेच १९२२ च्या गिरणीवालीपेक्षा फार वेगळा नाही.

२८/
या दीडशे वर्षांत बाळाच्या पोटाविषयीचे ज्ञान अफाट वाढले. टिसिए यांनी चितारलेल्या दुफाट्याच्या जीवाणूचा जनुकसंच आज वाचून झाला आहे. तरीही बाळांचे जीव ज्या गोष्टींनी वाचले, त्यांत १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा आहे, शीवच्या कक्षात आईसाठी उघडलेले दार आहे आणि अनोळखी बाईने काढून दिलेले वाटीभर दूध आहे. या साऱ्यांनी एकच केले : आईचे दूध आणि मूल यांच्यामधले अंतर कमी केले. कल्याणच्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, गेल्या. प्रत्यक्ष व्यवसाय त्यांना करता आला नाही. त्यांच्या त्या दहा दिवसांच्या मुलाला इतिहासात नावही नाही. मात्र त्याच कल्याणहून लोकलने जाता येईल अशा अंतरावर आज एका शीतकपाटात गोठवलेल्या दुधाच्या बाटल्या रांगेने उभ्या आहेत, तशाच एखाद्या बाळाच्या पहिल्या दहा दिवसांसाठी.